घोडा धुताना धार मध्येच मरते? नवा पंप घेण्याआधी हे तपासा

पावसाळा लागला की ही तक्रार ठरलेली. टेम्पोच्या हौद्यात पन्नास लिटरचा ड्रम, शेजारी १२ व्होल्टचा छोटा पंप, पाच-सहा मीटर पाइप आणि पुढे ट्रिगरवाला शॉवर. सुरुवातीला धार झकास. पुढचे दोन पाय होतात, पोटाखाली हात जातो न जातो तोच धार मरगळते. ट्रिगर सोडून जरा थांबलं की पुन्हा मिनिटभर बरी, परत तेच. घोडा अर्धा चिखलात आणि अर्धा साबणात उभा. मग बाजारातून मोठा पंप येतो, आणि तो जुन्याहून लवकर हात टेकतो.

मोठा पंप लवकर हात टेकतो, याच गोष्टीत निम्मं निदान आहे. मोठा पंप जास्त पाणी ओढतो आणि जास्त वीज खातो. मागे पाण्याची वाट अडलेली असेल किंवा वायर बारीक असेल, तर जास्त ताकदीने ती अडचण वाढणारच. अशा तक्रारींत पंप खराब निघतो तो क्वचितच. बहुतेक वेळा दोष ड्रम आणि पंप यांच्यामध्ये असतो, नाहीतर बॅटरी आणि पंप यांच्यामध्ये.

पुढचे आकडे ज्या मांडणीला धरून आहेत ती अशी: डायफ्रॅम पंप (आतला रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा), १२ व्होल्ट, साधारण ५ अँपिअर म्हणजे ६० वॅट, तोंडं ३/८ इंची. डब्यावर ५ लिटर प्रति मिनिट लिहिलेलं असतं, पण तो आकडा मोकळ्या तोंडाचा. पुढे पाइप आणि शॉवर लावल्यावर ३ लिटर मिळालं तरी पंप ठीक आहे असं समजा. नुसते पाय आणि पोट धुवायला साधारण १५ ते २० लिटर, अख्खा घोडा धुवायचा तर ४० ते ६० लिटर पाणी लागतं.

आधी कान लावा, मग बाटली लावा

धार मरते त्या क्षणी पंपाचा आवाज कसा होतो, ते नीट ऐका. मोटर हलकी होऊन भन्नाट फिरायला लागली आणि पाणी कमी झालं, तर पंप हवा ओढतोय. मोटर रडल्यासारखी जड झाली तर एकतर व्होल्टेज पडलंय, नाहीतर ओढीची नळी (ड्रममधून पंपात येणारी) आवळली गेलीय. टक-टक-टक असं चालू-बंद होत असेल तर प्रेशर स्विचचा खेळ आहे. एकदम चिडीचूप झाली तर फ्यूज, कनेक्शन, तापून पडलेली मोटर किंवा लिथियम बॅटरीचं आतलं सर्किट.

मग एक लिटरची पाण्याची बाटली घ्या आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. सुरुवातीला बाटली २० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ३ लिटर. धार मरगळल्यावर पुन्हा भरा. ४० सेकंद लागले तर पाणी निम्म्यावर आलं. हा आकडा लिहून ठेवा, कारण ‘धार जरा कमी वाटते’ यावर कुणाचंच एकमत होत नाही.

आता खरी चाचणी. धार मेलेली असतानाच ओढीची नळी ड्रममधून काढा आणि स्वच्छ पाण्याच्या उघड्या बादलीत बुडवा. जाळीचा फिल्टर जसा आहे तसाच राहू द्या. धार लगेच परत आली तर दोष ड्रममध्ये. नाही आली तर जाळी, नळी, जोड किंवा वीज. एवढ्या एका चाचणीने निम्मी कारणं बाद होतात.

ड्रम पोटात जातोय का

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हेच, आणि सर्वांत शेवटी तपासलं जाणारंही हेच. झाकण घट्ट बंद असलेल्या ड्रममधून पाणी काढलं की त्याच्या जागी हवा यायला हवी. वाट नसेल तर आतली हवा विरळ होते. ड्रममध्ये वर ५ लिटर हवा होती आणि ५ लिटर पाणी काढलं, तर तीच हवा १० लिटर जागेत पसरते आणि तिचा दाब निम्म्यावर येतो. प्लास्टिक एवढं सोसत नाही. बाजू आत ओढल्या जातात, कधीकधी ‘डुबुक’ असा आवाजही येतो. पंप बिचारा त्या ओढीविरुद्ध पाणी खेचत असतो.

ट्रिगर सोडून थांबल्यावर धार परत येते ती यामुळेच. तेवढ्या वेळात झाकणाच्या आट्यांतून थोडी हवा आत झिरपते. आणखी एक खूण: काठोकाठ भरलेला ड्रम अर्ध्या भरलेल्या ड्रमपेक्षा लवकर दगा देतो, कारण त्यात पसरायला हवाच कमी असते. ‘पाणी पूर्ण भरलं होतं तरी असं झालं’ असं कुणी म्हणालं की आधी झाकणाकडे बघा.

तात्पुरता उपाय म्हणजे धुताना झाकण एक फेरा सैल करणे. कायमचा उपाय झाकणाला भोक पाडणे, पण नुसतं भोक पाडलं तर ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत अर्धं पाणी हौद्यात सांडतं. म्हणून झाकणात पाव इंची निपल बसवा, त्याला अर्धा मीटर बारीक पारदर्शक नळी जोडा, ती झाकणाच्या वर एक वेटोळं करून केबल टायने बांधा आणि टोक खाली वळवा. पाणी हिंदकळलं तरी वेटोळ्यात अडतं, हवा मात्र येत राहते. त्या टोकाला फडकं किंवा स्पंज कोंबू नका. ओला झाला की तोच बूच होतो.

ड्रममधल्या नळीचं टोक सरळ कापलेलं असेल आणि ते तळाला चपखल टेकलं, तरी पाणी बंद. टोक तिरकं कापा आणि तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वर राहील असं बांधा. तळातला गाळ तिथेच राहू द्या. शेवटच्या दोन लिटरचा मोह धरला की तो सगळा जाळीत येतो.

जाळी कशाने भरते

पंपाच्या आधी जाळीचा पारदर्शक वाटीवाला फिल्टर असायलाच हवा, ४० ते ५० मेशचा. ५० मेश म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटरची भोकं. ‘अजून स्वच्छ पाणी’ म्हणून बारीक जाळी लावली तर ती दुसऱ्याच ड्रमला बुजते. शॉवरची छिद्रं बुजत असतील तर बारीक जाळी पंपाच्या पुढे लावा, मागे नको. पंप ढकलायला दमदार असतो, ओढायला नाही.

आता जाळीत नक्की काय अडकलंय ते बोटावर घेऊन बघा, त्यावरून कारण कळतं. केस आणि तागाचे धागे असतील, तर ज्या बादलीत स्पंज आणि फडकं पिळता तीच बादली ड्रम भरायला वापरली जातेय. दोन बादल्या ठेवा, दोन रंगांच्या. हिरवट बुळबुळीत थर असेल तर ते शेवाळ आहे. पांढऱ्या किंवा फिकट निळ्या कॅनमधून उजेड आत जातो आणि उन्हात पाणी भरून ठेवलं की आठवड्याभरात शेवाळ धरतं. काळा किंवा गडद ड्रम घ्या, नाहीतर कॅनला गोणपाट शिवून घाला. पांढरा खरखरीत चुरा असेल तर बोअरच्या जड पाण्याचा क्षार. जाळी आणि शॉवरची चकती लिंबूसत्त्वाच्या पाण्यात, लिटरला दोन मोठे चमचे, अर्धा तास बुडवली की सुटतो.

आणि जाळी अगदी स्वच्छ असेल तर तिच्या वाटीचं रबरी कडं बघा. जाळी धुवून घाईत परत लावताना हे कडं पिळतं किंवा कडेवर चढतं. तिथून पाणी गळत नाही, हवा आत जाते. म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही.

हवा कुठून येते

ओढीच्या बाजूची गळती कोरडी असते, हे एकदा मनात बसवलं की बराच वेळ वाचतो. पंपाच्या पुढच्या जोडातून पाणी ठिबकतं, ते दिसतं. मागच्या जोडातून हवा आत शोषली जाते, दिसत काहीच नाही. धारेत फुसफुस येते, पारदर्शक वाटीत बुडबुड्यांची माळ दिसते.

तपासायला शॅम्पूचा दाट फेस एकेका जोडावर लावा आणि पंप चालू ठेवा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे गळती. क्लिप कसून बघा, पण प्लास्टिकच्या निपलवर जोर काढू नका, त्याला केसासारखी चीर जाते आणि मग ती कायमची डोकेदुखी होते. वाशी, ऐरोली, उरण या खाडीकडच्या हवेत साध्या लोखंडी होज क्लिपा एका पावसाळ्यात गंजतात. स्टेनलेसच्या घ्या, फरक थोड्या रुपयांचा आहे. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे, आटे घट्ट होतात त्याच दिशेने. रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. व्हॅसलीन नको, काही जातींचं रबर त्याने फुगतं.

नळीबद्दल एक गैरसमज आहे. जाळीच्या विणीचा ब्रेडेड पाइप मजबूत दिसतो, पण ती वीण आतून बाहेर येणाऱ्या दाबासाठी असते. ओढीला तो चपटा होऊ शकतो, विशेषतः मे किंवा ऑक्टोबरच्या उन्हात मऊ पडल्यावर. ओढीच्या बाजूला आत कडक सर्पिल असलेला सक्शन होजच लावा, अर्धा इंची, जितका आखूड तितका बरा. पंप ड्रमच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवा. ड्रम खाली जमिनीवर आणि पंप वर हौद्यात, ही उलटी मांडणी बरीच दिसते.

शॅम्पू ड्रममध्ये ओतला असेल तर

तर पुढचं काही तपासू नका. ठाण्याहून पनवेलपर्यंत ड्रम हिंदकळत गेला की आत फेसाचं राज्य होतं. पंप फेस ओढू लागला की पडद्याखालच्या झडपा धड उघडत नाहीत की मिटत नाहीत, मोटर हलकी फिरते आणि शॉवरमधून थुंकी येते. ड्रममध्ये फक्त पाणी. शॅम्पू वेगळ्या बादलीत, स्पंजाने. ड्रम बिघडलाच असेल तर तो रिकामा करून फेस पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुवा, मग पंपातून चार-पाच लिटर साधं पाणी जाऊ द्या.

टक-टक

पंपाच्या डोक्यावर प्रेशर स्विच असतो. पुढचा दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की मोटर बंद, दाब उतरला की चालू. शॉवरचं तोंड पंपाच्या मानाने फार बारीक असेल किंवा ट्रिगर अर्धाच दाबला असेल, तर दाब क्षणात चढतो, मोटर बंद, क्षणात उतरतो, मोटर चालू. याने स्विचचे पॉइंट जळतात. त्याहून वाईट म्हणजे धक्क्याधक्क्याने येणारं पाणी आणि तो आवाज, याने शांत घोडाही पाय उचलायला लागतो.

उपाय: ट्रिगर एकतर पूर्ण दाबायचा, नाहीतर पूर्ण सोडायचा. शॉवरची चकती मोठ्या छिद्रांची लावा. तरी थांबलं नाही तर पंपाच्या पुढे दाब साठवणारी छोटी अॅक्युम्युलेटर टाकी लावा, आरओवाल्यांकडे मिळते. स्विचवरचा स्क्रू हा शेवटचा मार्ग. पाव फेरा फिरवा, बघा, मग पुढचा पाव. एकदम दोन फेरे फिरवले तर मोटर बंदच होत नाही आणि कमकुवत जोड निसटतो.

दाबाचा हव्यास मुळातच नको. दहा मीटर उंचीच्या टाकीचं पाणी नळाला साधारण १४ पीएसआय दाबाने येतं आणि त्याने हात-पाय व्यवस्थित धुतले जातात. पंप १०० पीएसआयचा असला तरी घोड्याच्या अंगावर तेवढ्याची गरज नाही. बारीक टोकदार धार चिखलाचे कण केसांच्या मुळाशी ठोकते आणि पायाच्या पातळ कातडीला इजा करते. पसरट धार, फूट-दीड फुटावरून. तोंड, कान आणि नाजूक अवयव यांच्यासाठी फक्त ओला स्पंज.

वीज: पाचव्या मिनिटाला काय गरम होतं

मल्टिमीटर लावायचा तो बॅटरीवर नव्हे, पंपाच्या तारांवर, आणि पंप चालू असताना. बंद पंपावर १२.६ दिसणं फसवं असतं. चालू पंपावर ११.५ च्या खाली गेलं की धार मरगळणारच.

वायरचं गणित सोपं आहे. बॅटरीपासून पंप ५ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ५ अँपिअरला जवळजवळ १.२ व्होल्ट वाटेतच संपतात. १.५ च्या वायरवर ०.६, आणि २.५ च्या वायरवर ०.४ सुद्धा नाहीत. दिव्याच्या माळेची उरलेली वायर वापरू नका, २.५ ची घ्या. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वितीच्या आत १० अँपिअरचा फ्यूज हवा. फ्यूज पंपाजवळ लावला तर मधली अख्खी वायर बेवारस राहते.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर पंप चालवणाऱ्यांनी पाच मिनिटांनी त्या प्लगला हात लावून बघावा. चटका बसला तर दोष सापडला. आतली स्प्रिंग सैल असते, तापली की अडथळा आणखी वाढतो. म्हणूनच सुरुवातीला सगळं ठीक असतं आणि नंतर बिघडतं. मगरीच्या तोंडाच्या क्लिपांचंही तेच. बॅटरीच्या टोकांना बोल्टने कसलेले रिंग टर्मिनल लावा आणि मध्ये एक चांगला प्लग ठेवा.

छोट्या टेम्पोच्या १२ व्होल्ट बॅटरीला हा भार किरकोळ आहे. ५ अँपिअर, पंधरा मिनिटं, म्हणजे सव्वा अँपिअर-तास. त्यासाठी इंजिन चालू ठेवून घोड्याच्या नाकात धूर घालायची गरज नाही. मोठ्या ट्रकची वीज मात्र २४ व्होल्टची असते, तिथे हा पंप जोडला की गेला.

वेगळी ७ अँपिअर-तासाची बॅटरी ठेवत असाल तर ती नवी असताना साधारण पाऊण तास चालते. दर वेळी तळाला नेली आणि दोन दिवसांनी चार्ज केली तर वर्षभरात निम्मी होते. त्याच संध्याकाळी चार्ज करा. लिथियम फॉस्फेट बॅटरी शेवटपर्यंत धार एकसारखी देते आणि मग सूचना न देता थांबते. ते तिच्या आतलं सर्किट असतं, पंप खोलत बसू नका.

मोटर हात लावता येणार नाही इतकी तापून बंद पडली, तर पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवा. बऱ्याच छोट्या पंपांची मोटर सलग चालवण्यासाठी नसते. पंप बंद पेटीत ठेवला असेल तर पेटीला दोन बाजूंनी जाळी पाडा. खाली सायकलच्या टायरचा तुकडा घाला. हौद्याच्या पत्र्यावर पंप थेट ठेवला की तो पत्रा ढोलासारखा वाजतो, आणि घोड्याचं बिथरणं पाण्याला नसून त्या आवाजाला असतं.

इन्व्हर्टर किंवा लग्नाच्या हॉलच्या बोर्डावरून २३० व्होल्टचा प्रेशर वॉशर लावणं टाळा. ओली जमीन, पायाला लोखंडी नाल आणि चार पायांमधलं अंतर, यामुळे जमिनीत उतरलेली वीज माणसापेक्षा घोड्याला आधी मारते.

फवारणी पंपावर काम भागतं का

भागतं. पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप पाय धुवायला उत्तम, नोझल काढून त्या जागी छोटा शॉवर लावला की झालं. आत मोटर-पंप तसलाच असतो, म्हणून वरची सगळी दुखणी त्यालाही होतात. झाकणातली छोटी हवेची झडप बुजणं हे तर ठरलेलं.

एकच अट, पण तिला अपवाद नाही: पंप नवा हवा आणि त्यात पाण्याशिवाय कधीही काही भरलेलं नसावं. शेतात वापरलेला पंप कितीही धुतला तरी तणनाशकाचा आणि कीटकनाशकाचा अंश रबरात, नळीत राहतो. घोडा पाय चाटतो, स्वतःला चावतो. मुरबाड-शहापूरकडून स्वस्तात मिळाला म्हणून जुना पंप घेऊ नका.

खरंच पंपाचाच दोष असेल तेव्हा

बादली चाचणी झाली, व्होल्टेज ठीक, जोड ठीक, तरी धार नाही. आता पंपाचं डोकं उघडा. चार ते सहा स्क्रू असतात. कोणता भाग कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा. बहुतेक वेळा रबरी झडपेखाली वाळूचा एखादा कण सापडतो. झडप मिटत नाही म्हणून पाणी पुढे-मागे होत राहतं. साध्या पाण्याने धुवा, टोकदार वस्तू लावू नका. स्क्रू समोरासमोरचे आलटून-पालटून कसा, एका बाजूने कसत गेलात तर पडदा तिरका बसतो. पडद्याला चीर दिसली तर पडदा-झडपांचा संच मिळतो, अख्खा पंप बदलायची गरज नसते.

पाणी कुठलं, चिखल कुठला

ठाण्यातल्या मातीतही फरक आहे. येऊरची तांबडी माती सुकली की झडते, पण पांढऱ्या घोडीवर डाग ठेवते. तिथे आधी भरपूर साधं पाणी, शॅम्पू नंतर. खाडीकाठचा करडा चिखल अतिशय बारीक आणि चिकट, त्यात मीठ. तो सुकू दिला तर कातडीला खाज सुटते, म्हणून तो ओला असतानाच काढावा. कुठल्याही चिखलाचा जाड थर आधी हाताने किंवा गवताच्या चुड्याने ओरबाडून काढला तर पाणी निम्मं लागतं. पायाच्या हाडांवर लोखंडी खरारा फिरवू नका, रबरी वापरा.

ड्रम शक्यतो घरूनच भरून न्या. ५० लिटर म्हणजे ५० किलो, ड्रम हौद्यात पुढच्या बाजूला आणि पट्ट्याने बांधलेला हवा. खाडीचं पाणी नको, खाडीलगतच्या बोअरचं मचूळ पाणीही नको. जिभेला खारट लागलं की नाही म्हणायचं. पावसात साचलेल्या डबक्याचं पाणी तर अजिबात नको. लेप्टो (अशा दूषित पाण्यातून होणारा रोग) माणसाला होतो तसा घोड्यालाही होतो आणि घोड्याच्या डोळ्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. धुणाऱ्याच्या पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच उभं राहावं.

वरातीच्या हॉलवर किंवा जत्रेत दहा घोडे एकत्र असतात तिथे बादली, स्पंज, खरारा कुणाला देऊ नका आणि कुणाचा घेऊ नका. ग्लँडर्स हा जीवघेणा रोग अशाच मार्गांनी पसरतो आणि माणसालाही होतो. गजकर्णाचंही तसंच. येऊरला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीजवळ धुणार असाल तर शॅम्पूचं पाणी ओढ्यात उतरेल अशा जागी थांबू नका.

घोड्याला पंपाची ओळख नसेल तर पाणी न सोडता दोन मिनिटं नुसता आवाज ऐकू द्या. मोतद्दाराने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, दावं हातात धरावं. बांधायचंच असेल तर ओढताच सुटणारी गाठ मारा. पाणी आधी पुढच्या खुरावर, मग हळूहळू वर. पाइपाचं वेटोळं घोड्याच्या पायांत राहता कामा नये, म्हणून भडक रंगाचा पाइप बरा. उन्हात ठेवलेल्या काळ्या ड्रममधलं आणि पाइपातलं पहिलं पाणी कढत असतं. ते आधी जमिनीवर सोडा आणि मनगटावर घेऊन बघा.

धुतल्यावर अंगावरचं पाणी पट्टीने निथळा आणि खुराच्या वरची मागची खाच कोरड्या फडक्याने दोन-तीनदा टिपा. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत ती आपोआप सुकत नाही. ओल्या पायावर पट्ट्या बांधून घोडा टेम्पोत चढवला की तिथेच खपल्या धरतात. खपल्यांखाली लाल कातडी, सूज किंवा लंगडणं दिसलं तर खपल्या खेचून काढू नका, पशुवैद्याला दाखवा.

परत आल्यावर

पंपातून दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी जाऊ द्या, मग नळी बाहेर काढून वीस-तीस सेकंद कोरडा चालवा म्हणजे आतलं पाणी निघेल. जाळीची वाटी उघडून धुवा. ड्रम उपडा, झाकण उघडं. शॉवरचा ट्रिगर दाबून पाइपातला दाब सोडून द्या, नाहीतर पुढच्या खेपेपर्यंत जोड ताणलेले राहतात. सोबतच्या डब्यात कायम ठेवायचं सामान: दोन जादा फ्यूज, जाळीच्या वाटीचं जादा रबरी कडं, तीन स्टेनलेस क्लिपा, टेफ्लॉन टेप, स्क्रू ड्रायव्हर, एक लिटरची बाटली. आणि जादा जाळी, कारण चिखलात उभं राहून जाळी धुताना ती हातातून पडते ती नेमकी घोड्याच्या पायाखाली.